साडेतीननंतरचा तास

नमस्कार बाई,

आम्ही जर्सी सिटीत राहतो. मुलगी आठ वर्षांची आहे, सप्टेंबरात तिसरीत जाईल. सध्या घराजवळच्या डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे इथल्या नेहमीच्या सरकारी शाळेत जाते, साडेआठ ते दोन पन्नास. तक्रार अशी काही नाही. वाचन चांगलं, गणित ठीक. जानेवारीत मैत्रिणीचं बघून एका चार्टर शाळेच्या (सरकारी पैशावर चालणारी, पण कारभार वेगळ्या संस्थेचा) लॉटरीत नाव घातलं आणि परवा नंबर लागला. तिथं शाळा पावणेआठ ते सव्वाचार, वर्षाला दहा दिवसही जास्त. यांनी लगेच एक्सेल केलं : वर्षाला ४७५ तास जास्त शिक्षण, तेही फुकट. "भारतात मुलं दिवसभर शाळेत असतात, इथं तीनच्या आत सोडून देतात," असं यांचं म्हणणं.

सासूबाई फेब्रुवारीत आल्यात, ऑगस्टमध्ये सांगलीला परत जातील. रोज त्याच तिला शाळेतून आणतात, थालीपीठ करून घालतात, मग दोघी मराठी वाचायला बसतात. जोडाक्षरांपर्यंत आल्यात. हे बंद होईल म्हणून मला वाईट वाटतंय. त्यात आमची शेजारीण डिस्ट्रिक्टच्या शाळेत शिकवते. ती म्हणाली, चार्टर म्हणजे आपल्या टॅक्सवर चाललेली खासगी शाळा, आणि तुम्ही आमच्या शाळेचा पैसा घेऊन निघालात. तेव्हापासून लिफ्टमध्ये तिच्याशी बोलायला अवघड वाटतं. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. दोन्ही शाळांची वेळापत्रकं जोडली आहेत. जास्त वेळ शाळा म्हणजे जास्त शिक्षण, हे खरं ना?

— गोंधळलेली आई, जर्सी सिटी


गोंधळलेल्या आईस,

तुम्हाला शुक्रवारची घाई आहे म्हणून रांग मोडून तुमचं पत्र आधी घेतलं. वेळापत्रकं जोडलीत हे फार बरं केलंत. या विषयावर मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत नवरा काय म्हणाला, जाऊ काय म्हणाली, वॉट्सॲपवर काय आलं हे सगळं असतं, फक्त वेळापत्रक नसतं.

दोन्ही कागद शेजारी ठेवून पेन्सिल घेऊन बसले. नव्या शाळेचा दिवस आत्ताच्या शाळेपेक्षा १३० मिनिटांनी मोठा आहे, इथपर्यंत तुमच्या मिस्टरांचं गणित बरोबर. आता ही १३० मिनिटं जातात कुठं ते बघा. सकाळची पहिली २५ मिनिटं नाश्ता आणि सभा. इंग्रजी ९० मिनिटांऐवजी १२०, म्हणजे ३० जास्त. गणित ६० ऐवजी ८०, म्हणजे २० जास्त. पाचेक मिनिटं रांगा लावण्यात. उरली ५० मिनिटं दिवसाच्या शेवटी, तीन पंचवीस ते सव्वाचार, आणि त्या चौकटीत एकच शब्द लिहिलाय : एनरिचमेंट (पूरक उपक्रम).

म्हणजे शिकवण्यासाठी म्हणून नक्की वाढलेला वेळ रोजचा ५० मिनिटं. १८० दिवसांचे झाले १५० तास. जादा दहा दिवसांचे पाच-पाच तास धरले तर आणखी ५०. एक्सेलमधले ४७५ तास २०० वर आले. दोनशेही काही थोडे नाहीत, पण मिस्टरांना तो रकाना दुरुस्त करायला सांगा.

मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली निम्मी दुपारच्या सत्रात. आपल्या भाषेत एक गंमत आहे. घड्याळाचाही तास आणि बाईंचाही तास. शब्द एकच असल्यामुळे आपल्याला वाटतं की घड्याळाचे तास वाढले की बाईंचे वाढतात. पण तुम्ही मराठी शाळेत शिकला असाल तर तिसरा एक तास तुम्हाला चांगला आठवत असेल : ऑफ तास. बाई रजेवर, वर्गात दुसऱ्याच कोणीतरी बाई येऊन त्यांच्या वह्या तपासत बसलेल्या, "शांत बसा, शुद्धलेखन लिहा," आणि वर्गप्रमुख फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहितोय. वेळापत्रकात तो तास भरलेला दिसतो. हजेरीपटातही मुलं हजर असतात.

आणि चांगला तासही पूर्ण तास नसतो. एकदा मी स्वतःवरच घड्याळ लावलं होतं. ३५ मिनिटांची तासिका. आधीच्या सरांचा फळा पुसला, हजेरी झाली, "बाई, माझी वही घरी राहिली" झालं, मागच्या बाकावरचं भांडण सोडवलं. प्रत्यक्ष भूगोल सुरू झाल्यापासून घंटा होईपर्यंत २१ मिनिटं. त्यानंतर आमच्याकडं दहावीला सकाळी सातचे जादा तास सुरू झाले, तेव्हा मुख्याध्यापकांना मी म्हटलं होतं की आहेत त्या ३५ मधली पाच मिनिटं मला वाचवून द्या, सकाळचा तास मला नको. ते हसले. जादा तासाची पाटी गेटवर लावता येते, वाचवलेल्या पाच मिनिटांची लावता येत नाही.

तर एनरिचमेंटची ती ५० मिनिटं ऑफ तास आहे की तास, हा तुमचा खरा प्रश्न. त्याकडे येते. त्याआधी भारताचं.

"भारतात दिवसभर" हे तुमच्या मिस्टरांच्या क्लासच्या आठवणींचं भारत असावं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि अध्यापनाचे ८०० तास सांगितलेत. भागाकार करा, रोजचे चार तास. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. मुलगी आत्ता जाते ती शाळा मधली सुट्टी धरून वर्षाला ११४० तास होते. मधल्या सुट्टीचे वजा करूनही आपल्या तिसरीपेक्षा ती जास्तच वेळ बसते आहे. उलट महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं आदेश काढला तो चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा, कारण पोरांची झोप होत नाही. इथं तुम्ही त्याच वयाच्या मुलीला पावणेआठला उभी करायला निघालात.

अमेरिकेत शाळेचा वेळ वाढवा ही मागणी जुनी आहे. १९८३ साली सरकारी समितीचा एक अहवाल आला, देश धोक्यात आहे असं सांगणारा. त्यात सात तासांचा दिवस आणि २०० ते २२० दिवसांचं वर्ष यांचा विचार करा असं म्हटलं होतं. चाळीस वर्षं उलटली, बहुतेक राज्यं अजून १८० च्या आसपासच आहेत. मोठ्या प्रमाणात वेळ वाढवून दाखवला तो चार्टर शाळांनी. १९९४ मध्ये ह्यूस्टनमध्ये दोन तरुण शिक्षकांनी 'किप' सुरू केलं. सकाळी साडेसात ते संध्याकाळी पाच, अधूनमधून शनिवार, उन्हाळ्यातही काही आठवडे. गरीब वस्त्यांतल्या मुलांचे गुण खरोखर वाढले, आणि 'लांब दिवस म्हणजे चांगली शाळा' हे समीकरण तिथून लोकांच्या डोक्यात बसलं.

पण 'मॅथेमॅटिका' या संशोधन संस्थेनं २०१३ मध्ये याच किपच्या शाळा तपासल्या, तेव्हा एक गोष्ट पुढं आली. किपमध्ये शिकण्याचा फायदा चांगलाच होता. मात्र किपच्याच शाळांची आपसात तुलना केली तर सगळ्यांत लांब दिवस असलेल्या शाळांचा फायदा कमी दिसत होता. कारण तिथला वाढीव वेळ बहुतेक वेळा मुख्य विषयांबाहेर गेला होता. मुख्य विषयांना जिथं जास्त वेळ मिळाला तिथं निकाल चांगला होता. न्यूयॉर्कच्या चार्टर शाळांवर डॉबी आणि फ्रायर या अर्थशास्त्रज्ञांनी काम केलं. त्यांच्या पाहणीत यशाशी जोडलेल्या पाच गोष्टी निघाल्या आणि वाढीव वेळ त्यातली एक होती. बाकीच्या चार : शिक्षकाच्या वर्गात वारंवार जाऊन त्याला सूचना देणं, चाचण्या बघून शिकवणं बदलणं, छोट्या गटांत भरपूर शिकवणी, आणि मुलांकडून मोठी अपेक्षा. यातला वेळ तेवढा जाहिरातीच्या पत्रकावर छापता येतो.

२०१२ मध्ये शिकागोत महापौरांनी प्राथमिक शाळांचा दिवस पावणेसहा तासांवरून सात तासांवर नेला. त्याच सप्टेंबरात शिक्षक संपावर गेले आणि सात दिवस शाळा बंद राहिल्या. संपाची कारणं आणखीही होती, पण शिक्षकांचा एक सवाल मला अजून पटतो : वाढवलेल्या वेळात घालणार काय?

आता थोडं रागावून बोलते. मॅसॅच्युसेट्समध्ये गुडमन नावाच्या संशोधकानं बर्फाच्या सुट्ट्या तपासल्या. बर्फामुळं शाळाच बंद राहिली तर गुणांवर जवळजवळ काही परिणाम नाही. शाळा चालू असताना एकटं मूल घरी राहिलं तर मात्र गणित उतरतं. कारण उघड आहे. सगळेच आले नाहीत तर बाई धडा पुढं ढकलतात, एकच आलं नाही तर धडा त्याच्याविना पुढं जातो. तुम्ही लिहिलेलं नाही, पण तिकडच्या आपल्या लोकांची डिसेंबरची रीत मला माहीत आहे. दिराचं लग्न निघतं, नाताळच्या सुट्टीला पुढून-मागून दहा दिवस जोडले जातात. तिकडं वर्षाच्या दहा टक्के दिवस, म्हणजे १८० पैकी १८, बुडाले की मूल नेहमीचं गैरहजर धरतात. एक लग्न आणि दोन वेळचा ताप यात तुम्ही तिथं पोचता. ४७५ तासांचं एक्सेल करणाऱ्या घरानं हा रकानाही मांडावा. माझी मुलगी तिकडंच, न्यू जर्सीतल्या एडिसनला असते, तिलाही मी हेच सांगितलं. चार दिवस फोन नव्हता.

आता शेजारणीचं. ती अर्धी बरोबर आहे. चार्टर शाळा खासगी नाही. फी नाही, परीक्षा घेऊन प्रवेश नाही, अर्ज जास्त आले तर लॉटरी, राज्याची परीक्षा इतरांसारखीच. न्यू जर्सीत राज्याचे शिक्षण आयुक्त आधी चार वर्षांचा परवाना देतात, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि काम नीट नसेल तर शाळा बंद. आपल्या डोळ्यांसमोर अनुदानित शाळा आणा : पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा. रयतच्या शाळेत शिकलेल्या माणसाला कोणी 'खासगीत शिकलास' म्हणत नाही.

फरक आहे तो पैशाच्या वाटेत, आणि तिथं शेजारीण बरोबर आहे. चार्टरला जाणाऱ्या मुलामागं कायद्यानं ठरलेल्या रकमेचे ९० टक्के डिस्ट्रिक्टच्याच तिजोरीतून जातात. २५ च्या वर्गातून तुमची एक मुलगी गेली तर वर्गाच्या बाईंचा पगार कमी होत नाही, हीटिंगचं बिल उतरत नाही, शिपायाला कमी झाडावं लागत नाही. पैसे मात्र गेले. शंभर मुलं गेली की मग संगीताच्या सरांना नारळ मिळतो. शिवाय डिस्ट्रिक्टचं बोर्ड निवडून येतं, चार्टरचे विश्वस्त येत नाहीत. यावरून मॅसॅच्युसेट्समध्ये २०१६ साली चार्टरची संख्या वाढवू का, असं थेट मतदान झालं आणि ६२ टक्के लोकांनी नको म्हटलं. नवल म्हणजे त्याच राज्यात, बॉस्टनच्या चार्टर शाळांचे निकाल देशातल्या उत्तम निकालांत मोजले जातात. लोक मूर्ख नव्हते. आपल्या शेजारची शाळा रिकामी होताना त्यांना दिसत होती.

आणखी एक गंमत तिला सांगा, लिफ्टमधला अवघडलेपणा जाईल. चार्टरची कल्पना देशभर पोचवली ती १९८८ मध्ये अल्बर्ट शँकर यांनी. आडनावावरून आपल्याकडचे वाटतात, पण पक्के न्यूयॉर्कचे, आणि शिक्षकांच्याच मोठ्या संघटनेचे अध्यक्ष. शिक्षकांना नवं काही करून बघता यावं म्हणून छोट्या शाळा, असं त्यांच्या मनात होतं. १९९१ मध्ये मिनेसोटात पहिला कायदा झाला, न्यू जर्सीचा १९९५ चा. पुढं प्रकरण ज्या दिशेनं गेलं ते बघून शँकर स्वतःच तिच्यावर टीका करू लागले.

पण या वादाचा निकाल एका आठ वर्षांच्या मुलीच्या दप्तरावर लावायचा नसतो. तुम्ही गेलात तर पाप नाही, राहिलात तर त्याग नाही. फक्त 'चार्टर' या शब्दाला भुलू नका. स्टॅनफर्डच्या लोकांनी २००९ मध्ये १६ राज्यं तपासली होती. गणितात १७ टक्के चार्टर शेजारच्या शाळांपेक्षा सरस, ३७ टक्के त्यांच्याहून वाईट, बाकी तिथल्या तिथं. २०२३ च्या त्यांच्याच पाहणीत सरासरी सुधारून चार्टर थोड्या पुढं आल्यात, पण शाळाशाळांतलं अंतर अजून मोठंच आहे. फायदा ठळक दिसतो तो शहरांतल्या गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांना, जिथं दुसरी शाळा खरोखर कमकुवत होती. तुमची मुलगी वाचते आहे, शाळेबद्दल तक्रार नाही, घरात तीन मोठी माणसं तिच्यामागं आहेत. तिला यातून किती मिळेल, याचा अंदाज मी कमीच धरेन.

आता ज्यावर तुम्ही पत्रात सगळ्यात हळवं लिहिलंत, ते आजींचं. तुमच्या पत्रातच एक वाक्य आहे जे तुम्ही लिहिलंत आणि विसरलात : सासूबाई ऑगस्टमध्ये जातील. नवी शाळा सप्टेंबरात सुरू होईल. तुम्ही मनात तुलना करताय ती सव्वाचारपर्यंतच्या शाळेची आणि थालीपीठ-जोडाक्षरांच्या दुपारची. ती दुपार सप्टेंबरात नसणारच आहे. तीन वाजल्यापासून तुम्ही कामावरून मोकळ्या होईपर्यंत ती कुठं असेल? पैसे भरून आफ्टरकेअरला? शेजारच्या खोलीत आयपॅडवर, आणि तुम्ही मीटिंगमध्ये? तसं असेल तर चार्टरची ती शेवटची ५० मिनिटं बरी ठरू शकतात, कशीही असली तरी. आणि तुम्ही आठवड्यातले तीन दिवस जरी साडेतीनला लॅपटॉप मिटू शकत असाल, तर पारडं आत्ताच्या शाळेकडं झुकतं. हा हिशोब मला तुमच्यासाठी करता येणार नाही. तो तुमच्या ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये आहे.

झोपेचा मात्र करून देते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. पावणेआठच्या घंटेसाठी साडेसहाला उठवावं लागेल, म्हणजे साडेनऊला ती झोपलेली हवी. अंथरुणात पडलेली नव्हे, झोपलेली. तुमचे मिस्टर घरी किती वाजता येतात? बाबा आल्यावर जेवणारं घर असेल तर नऊ तासांचं गणित बुधवारीच मोडतं. सव्वाचारला सुटून वर गृहपाठ आहे का, हेही वेळापत्रकावर नाही. विचारा.

माझा कल विचाराल तर आहे तिथंच राहू द्या. एकदा सोडलेली जागा बहुधा परत मिळत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा लॉटरी, हे धरूनही. रोजची ५० मिनिटं जादा वाचन-गणित चांगलंच आहे, पण ज्या मुलीचं वाचन चाललंय तिच्या पहाटेच्या झोपेवर उचलून घ्यावं इतकं नाही. माझं मत एकाच गोष्टीनं बदलेल, ती म्हणजे तीन पंचवीसनंतर त्या वर्गात काय चालतं.

म्हणून उद्या सकाळी शाळेच्या ऑफिसला ईमेल करा. टूर नको म्हणावं, टूर सकाळी दहाला असते आणि सकाळी दहाला सगळ्याच शाळा छान दिसतात. बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी तीन पंचवीसला तिसरीच्या वर्गात मागं बसू द्या म्हणावं. शक्यतो मिस्टरांनी जावं, अर्धा दिवस रजा टाकून. त्यांनी लॅपटॉप घरी ठेवावा आणि तीनच गोष्टी बघाव्यात. वर्गावर कोण आहे, सकाळचीच शिक्षिका की तासावर नेमलेलं कोणी. मुलांच्या हातात काय आहे, पुस्तक, व्हायोलिन, बुद्धिबळ, की छापील कागद. आणि किती मुलांची डोकी बाकावर टेकलेली आहेत. मुलीलाही सोबत न्यायला मिळालं तर न्या. पत्रात तुमचं, यांचं, सासूबाईंचं, शेजारणीचं मत आहे, तिचं कुठं दिसलं नाही.

तीननंतर पाहुण्यांना वर्गात घेत नाही, असं ऑफिसनं कळवलं, तर शुक्रवारची वाट बघू नका. गुरुवारीच नाही म्हणून टाका.

— बाई